म्हशीचा फेरा

अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मित्राची म्हैस हरवली. हा मित्र पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागला, म्हणून त्याला मी मास्तरच म्हणतो. आमच्यातला तिसरा वीज मंडळात गेला, तो वायरमन. मी वडिलांच्या कापड दुकानात बसलो तो आजही शिरूर कासारच्या बाजारपेठेत त्याच गादीवर बसलेला आहे.

म्हैस शोधायला आम्ही तिघं सकाळी डोंगरात शिरलो. पायथ्याच्या महादेवापासून चढ चढून माळावर, माळावरून सीताफळांच्या बनात, बनातून वरच्या तलावावर. म्हैस म्हटल्यावर ती पाण्याला गेली असणार, असा मास्तरचा अंदाज. तिथे नाही म्हणून जंगल खात्याच्या रानातून उतरून खालच्या तलावावर. तिथेही नाही. मग खिंडीतून डोंगराला पुरता वळसा घालून पुन्हा महादेवाशी. दिवस मावळताना मास्तरच्या घरी पोचलो तर म्हैस गोठ्यात रवंथ करत बसलेली.

"ती दुपारीच आलीय," मास्तरची आई म्हणाली. "तुमी कुठं गेलतात रे, मुडद्यांनो?"

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत वायरमन म्हणाला, "चला बे, म्हैस हुडकून येऊ." तेव्हापासून दर वर्षी दसरा आणि दिवाळीच्या मधल्या एका रविवारी आम्ही तो फेरा करू लागलो. तळी भरलेली असतात, सीताफळं डोळे उघडायला लागलेली असतात, आणि गावात अजून माणूस असतो. दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरून कुटुंबंच्या कुटुंबं माजलगावकडे, तिकडून पुढे कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. मग पायथ्याच्या वाड्यांवर म्हातारी माणसं आणि कुलपं उरतात.

लग्नं झाली, पोरं झाली, पोटं सुटली, पण फेरा चुकला नाही. मास्तरच्या बायकोला अवघडलेल्या अवस्थेत रात्रीतून बीडला नेलं ते वायरमनने, मंडळाच्या जीपमधून, आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. वायरमनची थोरली पोर गणितात कच्ची. मास्तरने तिला दोन वर्षं घरी बसवून शिकवलं. ती त्याला काका म्हणायची. सख्ख्या चुलत्यालाही ती इतक्या हक्काने काका म्हणत नसेल.

दोघं दोन समाजांचे. कोण कुठला ते लिहीत नाही. बीड जिल्ह्यातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. मी वाणी, त्यामुळे दोन्हीकडच्या लग्नांचे बस्ते, म्हणजे सगळी कापडखरेदी, माझ्याकडे फाटायचे. दुकानात दोन्हीकडच्या बायका एकाच गादीवर बसून एकमेकींच्या साड्यांचा पदर चाचपून बघायच्या.

मग ते दिवस आले. आधी सभा, मग मोर्चे, मग निवडणूक. निवडणूक संपली, पण ती माणसांच्या अंगातून उतरली नाही. सगळ्यांच्या हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये कुणीतरी कुणालातरी आईवरून बोलतोय. अमक्या गावात तमक्याच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही, असं उघड ठरायला लागलं. माझ्या दुकानात गिऱ्हाईक यायचं ते पायरीवर थांबून आत कोण बसलंय ते बघायचं. दुसऱ्या बाजूचं कुणी दिसलं की "येतो नंतर" म्हणून निघून जायचं. नंतर येत नसे.

अशा दिवसांत वायरमनच्या त्या थोरल्या पोरीचं लग्न निघालं. मास्तर जाणार नाही असं त्याच्या भावकीनं ठरवलं होतं. मास्तर गेला. पोरीसाठी पातेलं, समई असला आहेर न घेता स्वतः निवडलेलं पुस्तकांचं कपाट टेम्पोत घालून घेऊन गेला. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. अक्षता पडल्या आणि डीजेवर एकाएकी वायरमनच्या समाजाच्या नेत्याचं गाणं लागलं. नाचणारी पोरं नाचत नाचत आमच्या खुर्च्यांपर्यंत आली. मास्तरच्या तोंडासमोर हात नाचवत घोषणा द्यायला लागली. त्यातली निम्मी पोरं त्याने शिकवलेली. मी वायरमनला शोधत होतो. तो मांडवाच्या दाराशी व्याह्यांजवळ उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं. मग मान वळवून तो व्याह्यांशी बोलू लागला.

मास्तर उठला. जेवणाच्या पंगतींजवळून सरळ बाहेर पडला. मी मागे पळालो तर म्हणाला, "तू जेव. तुला काय प्रॉब्लेम न्हाई."

त्या वर्षी फेरा झाला नाही.

दुसऱ्या वर्षी दसरा झाल्यावर मीच पुढाकार घेतला. बायको म्हणाली, "कावून त्या दोघांच्या मधी पडताव? त्यांचं भांडण त्यांच्यापाशी. दोघं ओढायला लागले की कापड मधीच फाटतं, हे तुमाला सांगावं लागतं का?" मी ऐकलं नाही. मला वाटत होतं, रान तेच आहे, तळी तीच आहेत. चालता चालता बोलतील. दोघांकडे जाऊन एकच सांगितलं, की मी रविवारी महादेवापाशी उभा राहणार आहे. तू ये. तोही येईल, नाहीतर नाही येणार.

दोघंही आले. आपापल्या मोटारसायकलवर, आपापल्या रस्त्याने.

पहिला चढ मुक्यानेच चढलो. मी मध्ये, वायरमन पुढे, मास्तर मागे. बोलायचं तर दोघं माझ्याशी बोलायचे. "त्याला म्हण, तिथं दगड सुटा हाय." "त्याला म्हण, मला दिसतंय." माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्या पात्यांची सावली आमच्या अंगावरून सरकत होती आणि तो घूं घूं आवाज आमच्यासाठी बरा होता, कारण त्यात न बोलणं खपून जात होतं. कुसळीचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. विजारींना कुसळं टोचत होती. दर वर्षी याच ठिकाणी वायरमन कुसळांना आणि जंगल खात्याला मिळून एकच शिवी द्यायचा. त्या दिवशी तो गुमान कुसळं उपटत राहिला.

बनात शिरल्यावर सावली लागली. सीताफळांना यंदा बहर होता. एका झाडावर मोर बसलेला, तो जड अंगाने दरीकडे उडाला. वरचा तलाव काठोकाठ भरला होता. सांडव्यावरून पाण्याची पातळ चादर वाहत होती आणि तिच्याखाली दगडावर शेवाळ. मी आणि वायरमन ओलांडून गेलो. मास्तरचा पाय सटकला. मी ओरडायच्या आत वायरमन मागे वळला होता. त्याने मास्तरचं मनगट धरलं आणि ओढून त्याला कोरड्यावर आणलं.

"बुडला असतास ना बे," वायरमन म्हणाला.

"गुडघाभर पान्यात?"

"तुपला काय भरवसा? म्हशीला हुडकायला आलता तवा बी हितंच पडलतास."

मास्तर हसला. खोटं नाही, मला रडू यायचं बाकी होतं. तिथेच काठावर फडकी सोडली. माझ्या बायकोने दिलेले धपाटे, वायरमनच्या घरची शेंगदाण्याची चटणी, मास्तरची बाजरीची भाकरी आणि ठेचा. मास्तरने ठेचा वायरमनपुढे सरकवला, माझ्यामार्फत नव्हे, स्वतः. वायरमनने पोरीचं सांगितलं, पुण्यात आहे, बरं चाललंय, कपाट घेऊन गेलीय. "इचारती तुला," एवढं म्हणून तो पाणी प्यायला उठला. मास्तर पाण्याकडे बघत राहिला. लग्नाचा विषय त्याने काढला नाही. मला वाटलं, झालं. जमलं. बायकोला घरी जाऊन काय सांगायचं तेही मी मनात जुळवून ठेवलं.

वरच्या तलावाहून खालच्या तलावाकडे उतरणारी वाट दाट रानातून जाते. खैर, धावडा, मध्ये मध्ये जंगल खात्याने लावलेलं गिरिपुष्प. एका वळणावर पाचसहा जण बसलेले दिसले. सीताफळांची पोती भरून ठेवलेली, दोनतीन मोटारसायकली झाडाला टेकवलेल्या, प्रत्येकाच्या गळ्यात एकाच रंगाचा गमजा. वयाने तिशीतले असतील. एकाच्या हातात कोयता होता, पण सीताफळांना आलेल्या माणसाच्या हातात कोयता असतोच.

"कुठले पाव्हणे?" कोयतेवाल्याने विचारलं.

मी शिरूर सांगितलं.

"आडनाव काय?"

पूर्वी आमच्याकडे माणसाला गाव विचारायचे, मग पाऊसपाणी. आता गावानंतर आडनाव. मी माझं सांगितलं. "वाणी हाय," तो मागच्यांना म्हणाला आणि माझ्यातला त्याचा रस संपला. वायरमनने आपलं सांगितलं. ते ऐकताच त्यांची बसायची ढब बदलली. ते त्याच्याच समाजाचे होते. एकाने हात जोडले, एकाने कोणत्या गावचे, कुणापैकी, असं विचारून ओळख काढली. मग त्याने मास्तरकडे बोट केलं. "आन् हे?"

मास्तरने तोंड उघडलं होतं. वायरमन त्याच्या आधी बोलला.

"भाऊ हाय मपला. चुलतभाऊ."

"मग बसा की दादा. सीताफळ खा."

"उशीर झालाय," वायरमन म्हणाला आणि चालू लागला. त्याने मास्तरचा दंड धरला होता. आम्ही वळण ओलांडलं. मास्तरने दंड सोडवून घेतला. उतारावर फक्त आमच्या चपलांचा आवाज.

खालचा तलाव मोठा आहे. मागच्या बाजूला डोंगराची भिंत आणि पुढे मातीचा बांध. आम्ही बांधावर पोचलो आणि मास्तर थांबला.

"मपलं आडनाव कावून लपवलंस?"

"लपवलं न्हाई. वाचवलं तुला."

"कशापासनं? ते काय करनार होते?"

"मला काय माहीत काय करनार होते? कोयता बघितला न्हाईस?"

"म्हंजे तुझ्या मानसांचं तुलाच भ्या वाटतं."

"भ्या तुझ्यासाठी वाटलं बे! माझ्यासाठी न्हाई."

"माझ्यासाठी लग्नात कावून वाटलं न्हाई मग?"

दीड वर्ष आतल्या आत ठेवलेलं ते एकदाचं बाहेर आलं. मास्तर ओरडला नाही. शाळेत फळ्यावर लिहून घ्यावं तसं एकेक वाक्य सुटं सुटं बोलला. "म्या भावकीला लाथाडून आलतो. मपल्या तोंडापुढं पोरं नाचली. तू बघितलंस. मान वळवलीस. आन् आज तू मला तुपलं आडनाव देतोस. मला न्हाई पायजे तुपलं आडनाव."

वायरमनचा चेहरा काळवंडला. "पोरीचं लगीन होतं. व्याही हुभे होते. म्या त्या पोरांच्या अंगावर गेलो असतो तर मांडवात मारामारी झाली असती. पोरीचं काय झालं असतं? सांग की."

"एक शब्द बोलायचास."

"आन् तुझ्या पुतन्यानं काय केलं ते सांगू का? वान्याला माहीत न्हाई. सांगू?"

मला खरंच माहीत नव्हतं. लग्नाच्या आदल्या रात्री मास्तरच्या पुतण्याने मोबाईलवर त्या पोरीचा फोटो लावून खाली जे लिहिलं होतं, ते वायरमनने बांधावर उभं राहून म्हणून दाखवलं. मी ते इथे लिहिणार नाही. वायरमनला ते शब्द न् शब्द पाठ होतं. "तुझ्या घरात राहतो तो. तुझ्या ताटात जेवतो. तू त्याचं थोबाड फोडलंस का? फोडलं न्हाईस. कपाट घेऊन आलास."

मास्तरने तलावाकडे तोंड केलं. मग म्हणाला, "म्या त्याला बोललो."

"बोललास! काय बोललास?"

मास्तर मागे वळला आणि आल्या वाटेने चढायला लागला.

खालचा तलाव म्हणजे फेऱ्याचा बरोबर मध्य. पुढे खिंडीतून गेलं तरी महादेव तेवढाच लांब आणि मागे फिरलं तरी तेवढाच. इतक्या वर्षांत मागे फिरायचं कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"तिकडून जाऊ नको," वायरमन ओरडला. "ती पोरं हाईत तितं!"

"मपलं आडनाव सांगूनच जातो," मास्तर न वळता म्हणाला.

मी दोघांच्या मध्ये उभा. वायरमन माझ्याकडे बघत होता. मी काय करावं, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. त्या वेळी केला नाही. एक माणूस एकटा त्या लोकांकडे निघाला होता, दुसऱ्याला वाटेत काही धोका नव्हता. मी म्हणालो, "आरं, तो एकला जायलाय. चल की तू बी."

"म्या न्हाई येत त्याच्या मागं. तू जा."

"तसं न्हाई रे."

"तसंच हाय. जा बे तू. तुपलंबी कळालं."

मी मास्तरच्या मागे गेलो. रानात त्याला गाठलं तेव्हा तो धापा टाकत होता. थांब म्हटलं तर थांबेना. ती माणसं तिथेच होती. पोत्यांची तोंडं शिवत होती. मास्तर त्यांच्यासमोर जाऊन ताठ उभा राहिला आणि त्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव दोनदा सांगितलं.

कोयतेवाल्याने मान वर केली. "बरं," तो म्हणाला. "मग?"

"मगाशी खोटं सांगितलं होतं. तो मपला भाऊ न्हाई."

ते एकमेकांकडे बघायला लागले. एक जण हसला, पण वाईट हसला नाही, काही न कळल्यासारखा हसला. सगळ्यात थोराड दिसणारा होता त्याने पोत्यातून दोन पिकलेली सीताफळं काढली. "घ्या पाव्हणे. लई लांबून आलाव वाटतं. पानी हाय का जवळ?"

मास्तरने सीताफळ घेतलं नाही. मी दोन्ही घेतली. न घेणं मला बरं दिसेना.

ते लोक चांगले होते की आम्ही नुसते दोघंच होतो म्हणून चांगले वागले, की मगाशी पाहुणचार सुरू झाला होता तो तसाच पुढे चालला, मला सांगता येत नाही. मी रानातून वर चढताना मास्तरला म्हणालो, "बघ, काय झालं न्हाई."

"म्हंजे त्यानं उगंच लपवलं," मास्तर म्हणाला.

"झालं असतं तर?"

"तर तो खरा ठरला असता. दोन्हीकडून हरनारा मीच."

सांडव्यावर तो या वेळी हाताने दगड चाचपत, बसत बसत पलीकडे गेला. माझा हात त्याने धरला नाही. महादेवापाशी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दोनच मोटारसायकली उभ्या होत्या. वायरमन कधीच गेला होता.

घरी गेल्यावर बायकोने तोंड बघूनच ओळखलं. काही विचारलं नाही, चहा ठेवला. त्या वेळी ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मास्तरने उन्हाळ्यात माजलगावकडे बदली करून घेतली. तिकडे ऊस आहे, पाणी आहे, आणि त्याला आडनावावरून ओळखणारी माणसं कमी आहेत, असं तो म्हणाला. पुतण्या गावातल्या त्याच्या घरात राहतो. दिवाळीला मास्तरचा एक फोन येतो. तब्येत, पाऊस, पोरांची शिक्षणं. वायरमनचं तो विचारत नाही आणि मी सांगत नाही.

वायरमनच्या धाकट्या मुलाचं लग्न गेल्या माघात झालं. बस्ता बीडला फाटला. पत्रिका आली, पण ती पोस्टाने आली. त्याचं घर माझ्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याच्या भावकीतलं गिऱ्हाईकही हळूहळू तुटलं. वाणी शेवटी तिकडचाच निघाला, असं बाजारात बोललं जातं. मला ते सांगणारे पुष्कळ भेटले. मास्तरच्या बाजूची माणसं तरी यावीत, तर तीही आली नाहीत. त्यांच्या लेखी मी लग्नात जेवून आलेला माणूस. मी जेवलो होतो, हे खरं आहे.

यंदा दसऱ्यानंतर एका दुपारी आमच्या गल्लीतली लाईट गेली. दुकानासमोरच्या खांबावर काहीतरी जळालं होतं. तक्रार केल्यावर वायरमनच आला, दुसरं कोण येणार. शिडी लावून वर चढला. केस पांढरे झालेत, चढताना मध्ये थांबतो. मी आतून चहा सांगितला आणि स्वतः कप घेऊन खांबाखाली जाऊन उभा राहिलो. तो खाली उतरला, हातमोजे काढले, पक्कड पिशवीत ठेवली. मी कप पुढे केला.

"आत्ताच घेतला," तो म्हणाला.

"अर्धा घे."

त्याने शिडी खांद्यावर घेतली. जाताना थांबला. मला वाटलं, काहीतरी बोलेल. शिवी दिली असती तरी मी ती घेतली असती.

"बघा शेठ," तो म्हणाला, "तुमची लाईट आली का."

मी आत जाऊन बटण दाबलं. लाईट आली होती. मी बाहेर येऊन सांगेपर्यंत तो कोपऱ्यापर्यंत गेला होता, आणि हाक मारायची तर कशी मारावी ते मला सुचलं नाही.